मुठेतला काळा गाळ आणि ओढ्यातल्या दगडावरचा काळा थर

पुण्यात भिडे पुलाजवळ मुठेचं पाणी ओसरलं की काळा गाळ उघडा पडतो. सिंहगडाच्या बाजूच्या वाहत्या ओढ्यांत दगडांवरही कधी कधी काळा, काजळीसारखा पातळ थर दिसतो. दोन्ही जिवाणूंच्या कामातून तयार होतात आणि दोन्ही शिसं, जस्त, तांबं असे अत्यल्प प्रमाणातले धातू पाण्यातून ओढून धरून ठेवतात. म्हणूनच त्यांची गल्लत होते आणि ‘काळं म्हणजे घाण’ असं सरसकट ठरवलं जातं. प्रत्यक्षात एकाला ऑक्सिजन लागतो, तर दुसरा ऑक्सिजन संपल्यावरच जन्माला येतो.

गाळाचं आधी सांगतो. मैलापाणी मिसळलं की पाण्यातला ऑक्सिजन घाण कुजण्यातच खर्च होतो. मग तळाशी डिसल्फोव्हिब्रिओसारखे जिवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर (पाण्यात विरघळलेल्या गंधकाच्या संयुगावर) श्वसन करतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्यांचा वास येतो तो याचाच. हा वायू लोहाशी जुळला की काळं लोह सल्फाइड बनतं. शिसं, कॅडमियम, तांबं हेही सल्फाइड होऊन त्याच चिखलात अडकतात.

दगडावरचा थर मँगनीज ऑक्साइडचा असतो. आपल्या बेसॉल्टमध्ये मँगनीज थोडं असतंच. खडक झिजताना ते विरघळून पाण्यात उतरतं, तेव्हा त्याला रंग नसतो. नुसत्या हवेने त्याचं ऑक्साइड व्हायला साध्या पाण्यात फार वेळ लागतो. लेप्टोथ्रिक्स, स्यूडोमोनास पुटिडा हे जिवाणू आणि काही बुरशा आपल्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) जोरावर तेच काम कितीतरी वेगाने करतात. त्यातून त्यांना काय मिळतं, हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. मँगनीजपासून ऊर्जा मिळवून त्यावरच वाढणारे दुसरेच जिवाणू मात्र २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकच्या संशोधकांनी दाखवले. मँगनीजचा लेप असलेली काचेची बरणी नळाच्या पाण्यात भिजत राहिली होती, तिच्यात ते सापडले!

जिवाणूंनी बनवलेलं हे ऑक्साइड बर्नेसाइट नावाच्या खनिजाच्या जातीचं असतं: अतिशय बारीक कण, आणि एका ग्रॅममध्ये २०० चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग. त्याची रचना पातळ थरांची. प्रत्येक थर म्हणजे फरशी घातलेली जमीन धरा, आणि तिच्यातल्या काही फरश्या निखळलेल्या आहेत असं समजा. मँगनीजचा अणू जिथे नाही, तिथे ऋण प्रभार उरतो. शिसं किंवा जस्त नेमकं त्या खाचेच्या वर नाहीतर खाली येऊन बसतं. कोबाल्टचं तर आणखी पुढचं. ऑक्साइड त्याचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि मग कोबाल्ट त्या रिकाम्या जागेतच पक्का बसतो. आर्सेनिकचं विषारी रूप असलेल्या आर्सेनाइटचं ते आर्सेनेट करतं, जे कमी विषारी असतं आणि खनिजांना सहज चिकटतं. पण याला निव्वळ वरदान म्हणता येणार नाही, कारण साधं त्रिसंयुजी क्रोमियम हेच ऑक्साइड घातक षट्संयुजी रूपात बदलू शकतं. ज्या शहराच्या आसपास क्रोमियमचा मुलामा देणारे प्लेटिंगचे कारखाने आहेत, त्याने हे लक्षात ठेवलेलं बरं.

ओळखायचं कसं? गाळाला वास असतो, आणि बशीत पसरून हवेवर ठेवला तर वरून राखाडी-तपकिरी होत जातो. दगडावरचा थर तसाच काळा राहतो. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब त्यावर टाकला की बारीक बुडबुडे उसळतात. तोच दगड फोडून आतल्या ताज्या बाजूवर थेंब टाका, तिथे तो निपचित राहतो. ही तुलना हवीच, कारण बेसॉल्टचा रंग मुळातच काळपट आहे. शेवाळानेही बुडबुडे येतात, म्हणून आधी दगड घासून घ्यावा.

माझ्या मते खरा महत्त्वाचा फरक आहे तो धातू कधी सुटतात याचा. गाळातले धातू हवा लागली की सुटतात. काळा गाळ उपसून काठावर ढीग घातला, की सल्फाइडचं ऑक्सिडेशन होतं आणि पहिल्या पावसात धातू परत नदीत. मँगनीजच्या थराचं याच्या बरोबर उलट. पाण्यातला ऑक्सिजन संपला की जिवाणू ऑक्साइडवरच श्वसन करू लागतात, मँगनीज विरघळतं आणि त्याने धरलेलं सगळं मोकळं होतं. स्वच्छ ओढ्यात मैलापाणी सोडलं तर नवी घाण येतेच, वर दगडांनी साठवलेले धातूही पाण्यात उतरतात.

हीच गल्लत सोसायटीच्या टाकीतही होते. बोअरच्या पाण्याच्या टाकीत तळाला काळा साका बसला, की ड्रेनेज मिसळल्याची शंका येते. वास नसेल, तर मँगनीजची शक्यता आधी तपासावी. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात मँगनीज लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ पर्यंत चालतं. वास असो वा नसो, जिवाणूंची चाचणी करून घ्यावीच. टाकी धुण्याआधी वरच्या नितळ पाण्याची एक बाटली आणि तळच्या साक्याची वेगळी बाटली प्रयोगशाळेत द्यावी. शिसं असलंच, तर ते बहुधा त्या साक्यात सापडेल.