गाईच्या रक्तातला ल्युकेमिया विषाणू : पांढऱ्या पेशींचे काय होते आणि गोठ्यात काय सांभाळावे

रिपोर्टवर ‘बीएलव्ही पॉझिटिव्ह’ आले आहे, आणि गाय तर धडधाकट आहे. रवंथ करते, बादलीत दूध नेहमीइतकेच येते. रिपोर्ट चुकला असावा असे वाटणे साहजिक आहे. पण या विषाणूची रीतच तशी आहे. सोलापूर, मोहोळ, पंढरपूर, सांगोला, बार्शी भागातून आमच्या प्रयोगशाळेकडे नमुने पाठवणाऱ्या पशुपालकांसाठी ती इथे सविस्तर लिहिली आहे.

बीएलव्ही म्हणजे बोव्हाइन ल्युकेमिया व्हायरस. त्याचा शोध १९६९ साली अमेरिकेत लागला. तो मोकळा फारसा फिरत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट, आणि त्यातही ‘बी’ पेशी, हे त्याचे घर. या बी पेशीच लस टोचल्यावर किंवा रोग आल्यावर प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार करतात. विषाणू आत शिरला की स्वतःच्या आरएनएची डीएनए प्रत बनवतो आणि ती पेशीच्या गुणसूत्रात बसवून टाकतो. तिथून ती निघत नाही. पेशीचे विभाजन झाले की विषाणूची प्रतही दोन्ही पेशींत जाते. तो बहुतेक वेळ गप्प असतो, म्हणून शरीराला तो ओळखू येत नाही. एकदा लागण झालेली गाय आयुष्यभर बाधित राहते. यावर औषध नाही, आणि बाजारात लसही नाही.

पुढे तीन वाटा

दहापैकी सहा-सात बाधित गाईंत रक्ताची मोजणी नेहमीसारखीच येते. साधारण तीन गाईंत बी पेशी वाढत जातात आणि वाढलेल्याच राहतात. कर्करोगाच्या गाठी, म्हणजे लिम्फोसार्कोमा, शंभरात पाचपेक्षा कमी गाईंना होतात, आणि त्याही बहुधा वयाच्या चार-पाच वर्षांनंतर. गाठ कुठे बसते त्यावर लक्षणे ठरतात. डोळ्यामागे असेल तर बुबुळ बाहेर येते, मणक्यात असेल तर मागचे पाय लुळे पडतात, चौथ्या पोटात असेल तर काळे शेण पडते आणि गाय खंगत जाते. हृदयात आणि गर्भाशयातही गाठी होतात.

मोजणी कशी वाचायची ते एका उदाहरणाने पाहा. रिपोर्टवर टीएलसी, म्हणजे पांढऱ्या पेशींची एकूण मोजणी, १८,००० आहे आणि लिम्फोसाइट ७० टक्के. १८,००० चे ७० टक्के म्हणजे एका मायक्रोलिटरला १२,६०० लिम्फोसाइट. मोठ्या गाईत हा आकडा साधारण २,५०० ते ७,५०० असतो. नुसती टक्केवारी पाहून घाबरू नका. माणसाच्या उलट, गाईच्या रक्तात लिम्फोसाइट मुळातच जास्त असतात आणि ७० टक्के हे प्रमाण निरोगी गाईतही दिसते. पाहायचा तो एकूण आकडा. तोही एकदा वाढलेला दिसला म्हणून निष्कर्ष काढू नये. तीन महिन्यांनी पुन्हा मोजून तेवढाच आला तर वाढ कायमची आहे असे धरावे. वासरांत आणि कालवडींत हा आकडा वयामुळेही जास्त असतो.

पेशी वाढल्या, मग ताकद का घटते?

वाढलेल्या बी पेशींपैकी पुष्कळशा कामाच्या नसतात. त्या वेळेवर मरत नाहीत, साठत राहतात, आणि नवा रोगजंतू आला तर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवण्यात कमी पडतात.

लिम्फोसाइटचा दुसरा प्रकार म्हणजे टी पेशी, त्यांच्यावर होणारा परिणाम अधिक खोल आहे. बाधित पेशी हुडकून मारणे हे त्यांचे काम. त्यांच्या पृष्ठभागावर पीडी-१ नावाचा एक रेणू असतो आणि तो ब्रेकसारखे काम करतो. एरवी लढाई संपल्यावर हा ब्रेक लागतो. बीएलव्हीत मोजणी वाढलेल्या गाईंच्या बाधित बी पेशींवर पीडी-एल१ हा जोडीदार रेणू जास्त दिसतो, आणि तो हा ब्रेक दाबून धरतो. मग टी पेशी असूनही थकलेल्या राहतात. इंटरफेरॉन गामा हे त्यांचे इशाऱ्याचे रसायन कमी पडते.

गोठ्यात हे सरळ ‘ल्युकेमिया’ म्हणून दिसत नाही. दगडी, म्हणजे कासेची सूज, लवकर बरी होत नाही, किरकोळ आजार रेंगाळतो, गाय वयाच्या आधी उतरते. बाधित गाईंत लाळ्या-खुरकूत लसीनंतर प्रतिपिंडे कमी तयार झाल्याचेही अभ्यासांत आढळले आहे. म्हणून लस टाळू नका. उलट अशा गाईची सहा महिन्यांची पाळी एकदाही चुकू देऊ नका.

गोचीड तापाशी गल्लत

आपल्या भागात संकरित गाईच्या खांद्यापुढची गाठ सुजली की आधी थायलेरिया, म्हणजे गोचिडातून येणारा ताप, तपासावा. थायलेरियात ताप १०४ अंश फॅरनहाइटच्या वर जातो, डोळ्यांची आतली त्वचा पांढुरकी पडते, अंगावर गोचीड सापडतात. वेळेत बुपार्वाक्वोन हे औषध मिळाले तर गाय वाचते. बीएलव्हीच्या गाठी सावकाश वाढतात आणि बहुधा ताप नसतो. ताप असलेल्या गाईच्या बीएलव्ही रिपोर्टची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

पसरते ते रक्तातून

बाधित पेशी एका गाईतून दुसरीत गेली की लागण झाली. त्यासाठी सुईच्या पोकळीत राहिलेले रक्त पुरते. लसीकरणाच्या दिवशी दावणीला ओळीने बांधलेल्या वीस गाई आणि सिरिंजवर एकच सुई, ही सर्वांत धोक्याची जागा. प्रत्येक जनावराला नवी सुई मागा. यात डॉक्टरांचा अपमान नाही. सुई तुम्ही स्वतः आणून ठेवली तरी चालेल.

हाच नियम कानात बिल्ला मारण्याच्या पक्कडीला, शिंगे काढण्याच्या हत्याराला आणि रेतन किंवा गाभण तपासणीच्या लांब हातमोज्यालाही लागू आहे. मोज्यावर रक्त दिसो वा न दिसो, दुसऱ्या गाईला दुसरा मोजा. हत्यार आधी ब्रशने पाण्यात घासून रक्त काढा, मग २० मिनिटे उकळा. रक्त तसेच ठेवून ब्लीचमध्ये बुडवले तर ब्लीचची ताकद त्या रक्तातच खर्च होते. पावसाळ्यात मोठी चावरी माशी एका गाईचे अर्धवट रक्त पिऊन उठते आणि लगेच शेजारच्या गाईवर बसते. म्हणून बाधित गाय दावणीच्या टोकाला, इतरांपासून लांब बांधा. दूध काढणे, टोचणे, तपासणे यात तिचा नंबर शेवटचा.

वासराला चिकातून आणि दुधातूनही लागण होऊ शकते. तरीही चीक बंद करू नका. चिकाविना वासरू दुसऱ्याच आजाराने जाईल. निगेटिव्ह गाईचा चीक गोठवून ठेवला असेल तर कोमट पाण्यात वितळवून तो पाजा. नसेल तर आईचाच चीक ६० अंश सेल्सिअसवर तासभर ठेवा. थर्मामीटर लागेलच, कारण त्याहून जास्त तापला तर चीक खरवसासारखा घट्ट होतो. २५ ते ३० किलोच्या वासराला पहिल्या सहा तासांत अडीच ते तीन लिटर चीक पोटात जायला हवा. घरात दूध नेहमीप्रमाणे उकळून प्या. पाश्चरायझेशनच्या उष्णतेतही हा विषाणू टिकत नाही.

नमुना आमच्यापर्यंत नीट यावा म्हणून

मोजणी आणि पीसीआरसाठी (ही चाचणी विषाणूची डीएनए प्रत शोधते) जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी, जिच्यात रक्त साकळत नाही; एलायझासाठी (ही प्रतिपिंडे शोधते) लाल टोपणाची साधी नळी. जांभळी नळी खुणेपर्यंत भरून आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करा. जोरात हलवली तर पेशी फुटतात, हलवलीच नाही तर रक्त साकळते. दोन्ही वेळा नमुना वाया जातो आणि गाईला पुन्हा टोचावे लागते. लाल नळी तासभर सावलीत उभी ठेवा, रक्त साकळू द्या, मगच थंड डब्यात ठेवा. बर्फाचा नळीला थेट स्पर्श नको, मध्ये कागद किंवा कापड ठेवा. एप्रिल-मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत तासभर राहिलेला नमुना आम्ही मोजणीसाठी घेत नाही. मोजणीचा नमुना २४ तासांत पोहोचला पाहिजे आणि तो फ्रीझरमध्ये ठेवायचा नाही.

सहा महिन्यांखालच्या वासराची एलायझा चिकातल्या प्रतिपिंडांमुळे उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, तिथे पीसीआर करा. व्यायच्या आसपास गाईची प्रतिपिंडे चिकात उतरतात, त्यामुळे बाधित गाय निगेटिव्ह दिसू शकते. अशा गाईचा नमुना व्यायल्यानंतर महिनाभराने घ्या. नवी लागण रक्तात दिसायला तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात. म्हणून सांगोल्याच्या बाजारातून किंवा परराज्यातून आणलेली गाय आल्यावर एकदा तपासा, वेगळी बांधा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

डेन्मार्कसारख्या देशांनी बाधित गाई कळपातून काढून हा रोग संपवला. आपल्याकडे तो मार्ग खुला नाही, आणि चांगली दुभती गाय केवळ रिपोर्टवरून काढावी असे आमचेही मत नाही. तिची मोजणी सहा महिन्यांनी करत राहा. आकडा वाढत असेल तर तिच्यापासून लागण पसरण्याचा धोकाही जास्त, तेव्हा तिची कालवड ठेवण्याआधी कालवडीचीही तपासणी करा. आणि ती विकायचीच ठरली, तर रिपोर्टची प्रत घेणाऱ्याच्या हातात द्या.