पाण्याखालचा पतंग

येवल्यात संक्रांतीला तीन दिवस पतंग उडतात. गच्चीवर आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, धरून उभं राहिलं की एक गोष्ट लवकर कळते: नुसती ढील देऊन पतंग वर जात नाही. एका मर्यादेनंतर मांजाला झोळ पडतो आणि पतंग लांब लांब सरकत राहतो. चालत्या बोटीमागे गळ ओढून मासे धरणाऱ्यांचीही हीच अडचण असते. त्यांचा पतंग फक्त खाली उडतो.

या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. तंगुसाच्या, म्हणजे गळाच्या दोरीच्या, टोकाला लाकडाचा किंवा प्लास्टिकचा नकली मासा आणि त्याच्या हनुवटीला एक तिरकी पट्टी. बोट चालू लागली की पाणी पट्टीवर आपटतं आणि एरवी तरंगणारा तो मासा बुडी मारतो. पण पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन. पाण्यात उतरलेला तंगूसही मागे खेचला जातो, आणि ती ओढ पट्टीच्या रेट्याला भारी पडली की मासा आणखी खाली जात नाही. मग दोरी कितीही सोडा. बारीक तंगूस घेतला, तर मात्र तोच मासा आणखी खोल जातो.

वेग वाढवून काय होईल? मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट इथे दिसते. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी 3 किलोमीटरचे 4 केले, तर पट्टीचा रेटा जवळपास 1.8 पट होतो आणि तंगुसावरची ओढही तेवढीच. दोघांचं प्रमाण तेच राहतं, म्हणून खोली फारशी बदलत नाही. शिसं बांधलं असेल तर गोष्ट वेगळी. शिशाचं वजन वेगाने वाढत नाही, ओढ मात्र वाढते. म्हणून बोट पळाली की शिसं वर येतं, रेंगाळली की खाली जातं. बोट वळताना आतल्या बाजूची दोरी मंदावते, बाहेरची वेग घेते. वळणावर आतल्याच गळाला मासा लागला, तर मासे जरा खोल असावेत, असा अंदाज बांधता येतो.

गंगापूर धरणाच्या काठी शिसं सोडून बसणाऱ्याला हे गणित लागत नाही. पाणी संथ असलं की सरळ खाली गेलेली दोरी म्हणजेच खोली. चालत्या बोटीला मात्र ते लागतं. अमेरिकेच्या मिशिगन सरोवरात 1966 मध्ये कोहो सामन जातीचे मासे सोडले. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की ते खालच्या गारव्यात उतरतात. तिथे बोटीवरून पोलादी तारेला काही किलोंचा गोळा लावून खाली सोडतात आणि तंगूस त्याला चिमट्याने अडकवतात. मासा लागला की चिमटा सुटतो. पण तारही मागे कलतेच: 20 मीटर तार 30 अंशांनी कलली, तर गोळा जेमतेम 17 मीटरवर असतो.