सरकारी दंतसेवा (महाराष्ट्र)

सार्वजनिक पैशातून होणारी दातांची तपासणी व उपचार. महाराष्ट्रात या सेवेचा कारभार एका हाती नाही. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभाग चालवतो, मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत, तर मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय महापालिकेचे. पैसे कुठे लागतात, हे या वाटणीवरच ठरते. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह उपचार मोफत आहेत. दंत महाविद्यालयांना तो निर्णय लागू नाही. तिथे शुल्क भरावे लागते, मात्र ते खासगी दवाखान्यापेक्षा बरेच कमी असते.

ओपीडीत कोणीही जाऊ शकतो, रेशनकार्डाचा रंग पाहिला जात नाही. केसपेपर सकाळीच काढावा. सोबत चालू गोळ्या आणि जुने एक्स-रे न्यावेत. रक्त पातळ करणारी गोळी दात काढायचा म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नये. ती चालू असल्याचे डॉक्टरांना सांगावे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा दंतचिकित्सक नसतो. तिथे वेदनाशामक गोळ्या आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दंतचिकित्सकाचे पद भरलेले असेल तर दात काढणे, साफसफाई आणि साधे फिलिंग तिथेच होते. रूट कॅनाल (दाताच्या मुळांतल्या नळ्या साफ करून भरणे), अक्कलदाढेची शस्त्रक्रिया किंवा कवळी यांसाठी बहुतेकांना जिल्ह्याचे सिव्हिल किंवा दंत महाविद्यालय गाठावे लागते.

या सेवेचे खरे दुखणे असे की, दात काढणे जवळ मिळते आणि वाचवणे लांब. कारण यंत्रांत आहे. दात काढायला भुलीचे इंजेक्शन आणि चिमटे पुरतात. फिलिंगसाठी दात कोरणारा एअरोटर लागतो, आणि तो कॉम्प्रेसरच्या हवेवर फिरतो. कॉम्प्रेसर बिघडला, वीज गेली किंवा फिलिंगचे साहित्य संपले की वाचवण्याचे काम थांबते, काढण्याचे चालूच राहते. त्यावरही मर्यादा निर्जंतुक चिमट्यांची. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १२१ अंश सेल्सियसला किमान १५ मिनिटे, शिवाय धुणे-वाळवणे, म्हणून एक संच पुन्हा हाती यायला तासभर जातो. जेवढे संच तयार, तेवढेच रुग्ण. रांगेत मागे असलेल्याला ‘उद्या या’ म्हणतात ते बरेचदा याच हिशेबाने.

रूट कॅनालला साधारण दोन ते चार फेऱ्या लागतात. पहिल्या फेरीत ठणका थांबतो आणि अनेक रुग्ण पुन्हा येतच नाहीत. फेऱ्यांच्या मधल्या काळासाठी दातात भरलेले तात्पुरते सिमेंट झिजते, जंतू पुन्हा आत शिरतात आणि वाचू शकणारी दाढ शेवटी काढावी लागते. मजुरी बुडवून तालुका-जिल्हा करणाऱ्याला याचा दोष देणे योग्य नाही. पहिल्याच दिवशी सगळ्या तारखा लिहून देणे एवढे तरी रुग्णालयाच्या हातात असते. महाविद्यालयात विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण प्रत्येक टप्पा तपासला जातो.

केसपेपरवर ‘४६’ असा आकडा दिसतो तो दाताचा पत्ता असतो. ४ म्हणजे उजवा खालचा भाग, ६ म्हणजे मधल्या रेषेपासून सहावा दात, म्हणजे पहिली मोठी दाढ. मुलांच्या बाबतीत हीच दाढ सर्वाधिक फसवते. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. ती येताना कोणताही दात पडत नाही, त्यामुळे पालक तिलाही दुधाची समजतात आणि किडली तरी ‘पडेलच’ म्हणून सोडून देतात. ती पडत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके ० ते १८ वयोगटातील मुलांची तपासणी करतात, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत एकदा. दातांची कीड या तपासणीत धरलेली आहे. पथकाची संदर्भ चिठ्ठी घेऊन तालुक्याला जाणे मात्र पालकांच्याच हाती राहते.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत जबड्याचे फ्रॅक्चर, तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया असे दाखल करून करायचे मोठे उपचार बसतात. साधे फिलिंग वा कवळी बसत नाही. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले विमाधारक कामगार व त्यांचे कुटुंबीय राज्य कामगार विमा योजनेच्या रुग्णालयांत दंतोपचार घेऊ शकतात. 

दात काढल्यावर कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरावा. २४ तास चूळ, थुंकणे, बिडी-तंबाखू बंद, कारण खड्ड्यातली रक्ताची गाठ निसटली तर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास आधीपेक्षा जास्त कळ येते. गाल किंवा हनुवटीखाली सूज, ताप, तोंड न उघडणे वा गिळताना त्रास यांपैकी काहीही असेल, तर ओपीडीची वाट न पाहता थेट अपघात विभागात जावे.