जोर-बैठकांच्या मोजणीपासून घड्याळापर्यंत : सीमाभागातील व्यायामाच्या उद्दिष्टांची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील जुन्या तालमींत ‘उद्दिष्ट’ हा शब्द कुणाच्या तोंडी नसे. म्हणून तिथे उद्दिष्टच नव्हते, असे मानणे मात्र चूक ठरेल. गावच्या यात्रेत मैदानात लागणारी जोड हे एक उद्दिष्ट होते आणि वस्तादाने नेमून दिलेली जोर-बैठकांची संख्या हे दुसरे. यात्रा वर्षाकाठी एकदा येई, संख्या मात्र रोज पहाटे भरावी लागे. समोरचा मल्ल चितपट होईल की नाही हे आपल्या हाती नसते, जोर किती मारायचे हे असते. हा भेद क्रीडा मानसशास्त्राने पुढे शब्दांत मांडला, तालमीने तो अंगवळणी पाडला होता. उणीव वेगळी होती. संख्या वस्ताद ठरवी, ती वाढवायची केव्हा हेही त्याच्याच नजरेवर अवलंबून असे आणि त्याची लेखी नोंद क्वचितच होई.

मोजमापाची दुसरी तऱ्हा या भागात धावण्याच्या वाटेने आली, असे मला वाटते. १९१९ साली पुण्यातील डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणाऱ्या खेडुतांच्या वेळा पाहून सर दोराबजी टाटांनी युरोपातील स्पर्धकांशी त्यांची तुलना केली आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला चमू पाठवण्यात पुढाकार घेतला. त्या चमूत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनचा तो मार्ग ४२.७५ किलोमीटरचा, म्हणजे आजच्यापेक्षा लांब होता; चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले आणि विजेता फिनलंडचा कोलेहमाइनेन त्यांच्यापेक्षा सुमारे १८ मिनिटे आधी पोहोचला. बेळगावच्या धावपटूचा पल्ला आता शेजारच्या गावच्या गड्याशी नव्हे, तर जगाशी मिनिटांत मोजता येऊ लागला. आजही हे नाव बेळगावात जितक्या वेळा निघायला हवे तितके निघत नाही.

वजनांच्या व्यायामात हाच बदल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाला. अमेरिकी लष्करातील डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या दुबळ्या स्नायूंसाठी हलक्या वजनाच्या असंख्य आवर्तनांऐवजी जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढे वजन घेतले, ते ताकदीच्या वाढीबरोबर वाढवत नेले आणि १९४५ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. शेकड्यांनी बैठका मारणाऱ्या तालमीला हे उलटे वाटावे, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली : दम वाढवायचा असेल तर संख्या वाढवावी, ताकद वाढवायची असेल तर भार. पुढे १९६० च्या दशकात सोव्हिएत अभ्यासक मातवेयेव यांनी स्पर्धेच्या तारखेपासून मागे मोजत वर्षाचे टप्पे पाडण्याची रीत मांडली. यात्रेची तिथी धरून खुराक आणि मेहनत वाढवणाऱ्या वस्तादाला ती फारशी परकी वाटली नसती.

उद्दिष्टाचा मनावर काय परिणाम होतो, याचा पद्धतशीर विचार अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये केला. ‘जमेल तेवढे करा’ असे सांगण्यापेक्षा नेमके आणि अवघड उद्दिष्ट दिल्यास काम अधिक होते, हा त्यांचा निष्कर्ष होता. १९८५ मध्ये लॉक आणि गॅरी लॅथम यांनी तो खेळालाही लागू पडेल, असे मांडले. परंतु नंतरच्या काही प्रयोगांत, नेमके उद्दिष्ट दिलेला आणि न दिलेला, अशा दोन गटांत फरकच आढळेना. याचे एक कारण असे दिसले की, ‘जमेल तेवढे करा’ म्हणून सोडून दिलेले खेळाडूही मनाशी आकडा धरतच होते. शेजारच्या गड्याचे जोर कानाने मोजत ज्याने स्वतःचे जोर मारले आहेत, त्याला याचे नवल वाटणार नाही.

सीमाभागात आज उद्दिष्टाचा प्रश्न सर्वाधिक तीव्रतेने उभा राहतो तो सैन्यभरतीच्या तयारीत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच असल्याने हे स्वप्न इथे घरोघरी आहे. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत धावल्यास त्या चाचणीचे पूर्ण गुण मिळतात आणि दहा पुलअप्सना त्यांचे पूर्ण गुण मिळतात. हे आकडे सर्वांना सारखेच असतात. मुलांची सुरुवात सारखी नसते. सात मिनिटे लागणाऱ्या मुलाला थेट साडेपाचच्या मागे लावले, तर तो आठवडाभरात पिंडऱ्या धरून बसतो. साडेपाच मिनिटे म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येकी साडेब्याऐंशी सेकंदांच्या; त्यातली एकच फेरी आधी त्या वेळात बसवायची, मग विश्रांती घेऊन दुसरी, मग विश्रांती कमी करत दोन्ही जोडायच्या आणि प्रत्येक वेळ त्या मुलाने स्वतःच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहायची.