फ्लेमिंगो सायबेरियाहून येत नाहीत

हिवाळा आला की ‘सायबेरियाचे पाहुणे ठाण्याच्या खाडीत दाखल’ असे फॉरवर्ड फिरू लागतात. हे चुकीचं आहे. सायबेरियाकडून बदकं येतात, चिखलपक्षी येतात, फ्लेमिंगो नाही. आपले रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, मुख्यतः गुजरातमधून येतात. कच्छच्या रणात पाऊस चांगला झाला, की तिथल्या खाऱ्या उथळ पाण्यात त्यांची वीण होते. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या संस्थेने २०२२ मध्ये खाडीतल्या काही फ्लेमिंगोंना सॅटेलाइट टॅग लावले, तेव्हाही पक्षी गुजरातकडेच परतताना दिसले.

मग इतका खुलासा कशाला? ‘परदेशी पाहुणे’ म्हटलं की त्यांचं घर ही दुसऱ्या कुणाची तरी जबाबदारी वाटते. हे पक्षी आपल्याच किनाऱ्याचे आहेत. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, तिथे ते शेवाळ टिपतात. भरतीला चिखल बुडाला, की नवी मुंबईत नेरुळच्या डीपीएस तलावासारख्या पाणथळ जागांवर विसावतात. म्हणून तलावावर जायचं तर भरतीची वेळ पाहून जा. ओहोटीला तो रिकामा दिसला तर पक्षी गेले असं समजू नका. पण तलावात भरतीचं पाणी येण्याचे मार्गच बुजले, तर विसावा संपतो, आणि ही भीती नेरुळकरांनी प्रत्यक्ष अनुभवली आहे.

बोटीतून पाहायचं असेल तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून फेरी निघते. तीही भरतीवरच ठरते. ड्रोन मात्र घरीच ठेवा. एका घिरटीने अख्खा थवा उडतो, खाणं तुटतं.