मोतीबिंदूची लेन्स: कुठली, कितीला आणि कधी ठरवायची

आमच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात मोतीबिंदू काढून डोळ्यात बसवायच्या लेन्ससाठी रोज फोन येतात, "लेन्सचा रेट काय?" नुसत्या लेन्सचा रेट सांगून काही कळत नाही, म्हणून आम्ही एका डोळ्याचं पॅकेज सांगतो ज्यात ऑपरेशन, लेन्स, ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) चार्ज, ऑपरेशनआधीचं मोजमाप आणि नंतरच्या तपासण्या सगळं आलं. दुसरीकडे कमी आकडा सांगितला तर यातलं काय काय धरलंय तेवढं विचारून घ्या.

आमच्याकडे भारतीय, घडी होणारी मोनोफोकल २२,०००, इम्पोर्टेड मोनोफोकल ३६,०००, टोरिक ४८,००० पासून आणि ट्रायफोकल ८५,००० पासून.

आता महाग लेन्स म्हणजे जास्त स्वच्छ दिसणार असं काही नाही बरं का. मोनोफोकलने लांबचं छान दिसतं, पेपर वाचायला चष्मा लागतो. ट्रायफोकल उजेड तीन अंतरांत वाटून देते त्यामुळे चष्मा बराचसा सुटतो पण रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात, म्हणून रात्रीचं ड्रायव्हिंग असेल, शुगरमुळे पडदा खराब असेल किंवा काचबिंदू असेल तर आम्हीच नको म्हणतो, गिऱ्हाईक जातं तरी. टोरिक फक्त बुबुळाला सिलिंडर नंबर (बुबुळाचा गोलावा सगळीकडे सारखा नसल्यामुळे येणारा नंबर) असेल तर. तुमच्या जुन्या चष्म्यात सिलिंडर आहे म्हणून ती लागेलच असं नाही, बुबुळ मोजल्यावरच कळतं. आणि भारतीय म्हणजे हलकी हा समज सोडा, मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये १९९२ पासून लेन्स बनतायत आणि परदेशातही जातात.

आता मुख्य मुद्दा. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी लेन्स बदलू नका!! आजोबा तयार होऊन बसलेत, डोळ्यात थेंब घातलेत आणि मुलाचा अमेरिकेतून फोन, "बाबांना बेस्टवाली टाका." आम्हाला नाही म्हणायला आवडत नाही, पण प्रत्येक कंपनीच्या लेन्सचं गणित वेगळं असतं, पॉवर परत काढावी लागते, ट्रायफोकल असेल तर पडद्याचा ओसीटी स्कॅन आणि बुबुळाचा नकाशाही लागतो. टोरिक तर तुमच्या नंबरप्रमाणे मागवलेली असते आणि बसवताना १० अंश जरी फिरली तरी तिचा साधारण एक तृतीयांश फायदा जातो, ते काम घाईत करायचं नसतं. त्यात कॅशलेसची मंजुरी जुन्या एस्टिमेटवर आलेली, ती परत पाठवायची म्हणजे त्या दिवसाचं ऑपरेशन गेलंच समजा, आणि तुमच्यामागे नंबर लावून बसलेल्यांचाही खोळंबा.

म्हणून टोरिक आणि ट्रायफोकलला आम्ही ॲडव्हान्स घेतो, काहींना ते आवडत नाही पण लेन्स तुमच्या नावाने येते, ती दुसऱ्याला चालेलच असं नाही.

मेडिक्लेमवाल्यांनो, बऱ्याच पॉलिसीत एका डोळ्यामागे मर्यादा असते आणि मोतीबिंदूला सुरुवातीची काही वर्षं वेटिंग असतं. वरचा फरक खिशातून जातो. पॉलिसीची कॉपी आधी आणून द्या, किती बसेल ते आमच्या काउंटरवर बघून सांगतात, त्याचे पैसे नाहीत. लेन्सच्या डब्यावरचं स्टिकर डिस्चार्ज कार्डवर लावून मिळतं, ते क्लेमला लागतं, फेकू नका.

मोजमापाच्या दिवशी घरात जो निर्णय घेतो त्याला सोबत आणा. परगावी असेल तर व्हिडिओ कॉल लावा, आम्ही सगळ्या लेन्स दाखवून समजावतो, संध्याकाळी पाचनंतर गर्दी कमी असते.