जनुक नाही की जनुक गप्प आहे? शिंपल्याच्या तक्त्यातल्या शून्याचे दोन अर्थ

सिंधुदुर्गात आणि गोव्यात ज्यांना शिणाणे म्हणतात, ते शिंपले उकडून उघडलेत की एकाच बशीत पाच-सहा वेगवेगळ्या ऊती दिसतात. केशरी मांसाची ती मादी, दुधाळ मांसाचा तो नर. कडेने पातळ पडदा असतो, ते प्रावरण. शिंप तेच घडवतं. त्याच्या आत कंगव्यासारखे कल्ले, मध्ये काळपट-हिरवी पाचकग्रंथी, शिंप मिटून धरणारा स्नायू आणि जिभेसारखा एक छोटा पाय. पायाच्या बुडाशी दोऱ्यांचा झुबका असतो, साफ करताना आपण ओढून काढतो तो.

या सगळ्या ऊतींच्या पेशींत डीएनए एकच. तरीही गोंद फक्त पायच बनवतो. शिंपला पाय बाहेर काढतो, कातळावर टेकवतो, पायाच्या खालच्या खाचेत ग्रंथींतून प्रथिनं सोडतो आणि काही मिनिटांत पाय उचलतो, तेव्हा मागे एक तयार दोरा राहिलेला असतो. टोकाची चकती कातळाला चिकटलेली, आणि तीही खाऱ्या पाण्यात, लाटांच्या माऱ्याखाली. या चिकटपणामागे डोपा नावाचं बदललेलं अमिनो आम्ल आहे, हे हर्बर्ट वेट आणि मार्विन टँझर या संशोधकांनी 1981 मध्ये दाखवलं. चकतीतल्या प्रथिनांची जनुकं कल्ल्यातही असतात, पाचकग्रंथीतही असतात, पण तिथे ती वाचली जात नाहीत. जनुक वाचलं जाऊन त्याची आरएनए नक्कल निघणं, याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. नमुन्यातल्या अशा नकला मोजून तक्त्यात प्रत्येक जनुकापुढे आकडा लिहिला जातो. अशी वाचली न जाणारी जनुकं म्हणजे गप्प जनुकं.

रक्तपेशींचंही असंच. मायटिलिन, मायटिसिन, डिफेन्सिन ही जंतुनाशक पेप्टाइडं, म्हणजे छोटी प्रथिनं, प्रामुख्याने त्यांच्यात तयार होतात आणि त्यांच्याच कणांत साठवली जातात. तेव्हा पायाच्या नमुन्यात मायटिसिनचा आकडा जवळपास शून्य आला तर कुणी दचकत नाही.

माणसाच्या किंवा उंदराच्या बाबतीत गोष्ट सहसा इथेच संपते. यकृताच्या नमुन्यात एखाद्या जनुकापुढे शून्य दिसलं तर अर्थ एकच लावला जातो: जनुक आहे, पण यकृतात वाचलं जात नाही. शिंपल्याबद्दलही बरीच वर्षं आपण हेच धरून चाललो, आणि तिथेच चूक होत होती.

2020 मध्ये भूमध्य सागरी शिंपल्याचा, म्हणजे मायटिलस गॅलोप्रोव्हिन्सियालिसचा जीनोम, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएचं वाचन, प्रसिद्ध झाला. आपल्या शिणाण्यांच्याच कुळातला हा प्राणी. स्पेनच्या गॅलिसियात लाकडी तराफ्यांना दोर लटकवून त्याची मोठी शेती होते. वाचन झालं ते गॅलिसियाच्याच एका मादीचं. संशोधकांनी तिचं नाव लोला ठेवलं होतं. तिच्यात प्रथिनं बनवणारी सुमारे 60 हजार जनुकं निघाली. माणसात ती 20 हजारांच्या आसपास आहेत. मग स्पेन आणि इटलीतल्या आणखी काही शिंपल्यांचे डीएनए लोलाच्या डीएनएशी ताडून पाहिले, तेव्हा खरा धक्का बसला. साधारण 45 हजार जनुकं सगळ्यांत सामाईक होती. उरलेली, लोलात नसलेली काही धरून, जवळपास 20 हजार जनुकं कुणात होती, कुणात नव्हतीच. बिघडलेली नव्हेत, दबलेली नव्हेत, डीएनएतून पूर्ण गायब. शाळेच्या भाषेत सांगायचं तर मूल वर्गात गप्प बसलेलं नाही, पटावर त्याचं नावच नाही.

हे घडतं कसं? गुणसूत्रांच्या जोडीतलं एक आईकडून येतं, एक बापाकडून. शिंपल्यात डीएनएचे मोठमोठे तुकडे जोडीतल्या एकाच गुणसूत्रावर असतात, दुसऱ्यावर ती जागा रिकामी असते. आई आणि बाप दोघेही असे एकेरी निघाले, तर त्यांच्या पिल्लांपैकी सरासरी चौथा हिस्सा त्या जनुकाविना जन्मतो, आणि तरीही जगतो. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही की असून-नसून चालणाऱ्या या जनुकांत रोगप्रतिकाराची आणि तग धरण्याची जनुकं भरपूर आहेत. म्हणजे ऊतींनुसार अभिव्यक्ती तपासताना आपल्याला ज्यांच्यात सर्वाधिक रस असतो, नेमकी तीच.

आता समजा, दहा शिंपल्यांचे कल्ले घेतले आणि त्यांतला आरएनए वाचला. एका प्रतिकार-जनुकापुढे सात जणांत घसघशीत आकडे आले, तिघांत शून्य. तक्त्यात ती तिन्ही शून्यं सारखीच दिसतात. पण एकाच्या कल्ल्यात जनुक गप्प असेल आणि उरलेल्या दोघांत ते नसेलच, असं होऊ शकतं. आरएनएकडे कितीही वेळा पाहिलं तरी हा फरक कळत नाही, कारण जे नाही आणि जे बोलत नाही, ती दोन्ही आरएनएत सारखीच रिकामी.

निवाडा करायचा तर त्याच प्राण्याकडे परत जावं लागतं. पहिली सोपी चाचणी म्हणजे त्याच शिंपल्याची दुसरी ऊती पाहणं. शिंपेच्या कडेला छोटी खाच पाडून मिटणाऱ्या स्नायूत सुई घातली की सिरिंजमध्ये बिनरंगी, किंचित गढूळ द्रव येतो. तेच त्याचं रक्त. त्यातल्या पेशींत जनुकाची नक्कल सापडली तर प्रश्न मिटला, जनुक आहे आणि कल्ल्यात गप्प आहे. सगळ्याच ऊतींत शून्य आलं तर मात्र डीएनएच पाहावा लागतो. पीसीआर लावायचा, म्हणजे त्या जनुकाच्या तुकड्याच्या भरपूर नकला काढायच्या, आणि जेलवर त्यांचा पट्टा, म्हणजे बँड, येतो का ते बघायचं. आला तर जनुक गप्प. नाही आला तर ते नसण्याची शक्यता मोठी, पण लगेच निकाल देऊ नये. शिंपल्यांत एका जनुकाची अक्षरं प्राण्यागणिक इतकी बदलतात की प्रायमर, म्हणजे नक्कल जिथून सुरू होते तो डीएनएचा छोटा तुकडा, बसतच नाही, आणि असलेलं जनुक नसल्यासारखं दिसतं. म्हणून वेगळ्या जागेवर बसणारी प्रायमरची दुसरी जोडी लावावी, आणि सगळ्या प्राण्यांत हमखास असणारं एखादं जनुक शेजारी चालवावं, म्हणजे डीएनएच खराब होता की काय ही शंका उरत नाही. संपूर्ण जीनोमचं वाचन हाताशी असेल तर उत्तर आणखी स्वच्छ मिळतं. जनुक जोडीने असेल तर ती जागा पूर्ण वेळा वाचलेली दिसते, एकेरी असेल तर निम्म्या वेळा, नसेल तर एकदाही नाही.

यात सगळ्यात जास्त घोळ घालते ती नमुने एकत्र करण्याची सवय. पाय इवलासा असतो, त्यातून आरएनए थोडा निघतो, म्हणून दहा जणांचे पाय एकाच नळीत वाटले जातात. जनुक दहापैकी चौघांतच असेल, तर आकडा मधलाच कुठेतरी येतो आणि आपण लिहून मोकळे होतो की अभिव्यक्ती मध्यम आहे. प्रत्यक्षात चौघांत ते जोरात चालू होतं आणि सहांत नव्हतंच. मध्यम कुणातच नव्हतं.

प्रावरणाचा नमुनाही जपून वाचावा. मायटिलस वंशातल्या शिंपल्यांची जननग्रंथीची ऊती प्रावरणातच पसरते. प्रजननाच्या हंगामात घेतलेल्या प्रावरणात शिंप घडवणारी जनुकं आणि अंडी-शुक्राणूंची जनुकं यांची सरमिसळ असते. तिथे नर आणि मादीत दिसणारा मोठा फरक बहुतेकदा अभिव्यक्तीचाच असतो, जनुक असण्या-नसण्याचा नव्हे.

एका शरीरातल्या सगळ्या ऊतींत डीएनए एकच, असं मी वर म्हटलं. शिंपल्यांत त्यालाही दोन अपवाद आहेत. पहिला मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या वेगळ्या डीएनएचा. बहुतेक प्राण्यांत तो फक्त आईकडून येतो, पण मायटिलसच्या नरांना बापाकडूनही येतो आणि तो मुख्यतः वृषणाच्या ऊतीत साठतो. हे 1994 मध्ये उघड झालं. आईचा आणि बापाचा प्रकार एकमेकांपासून इतके दुरावलेले आहेत की साधारण पाचातलं एक अक्षर वेगळं असतं. नराच्या वृषणात भरपूर सापडणारा हा प्रकार पायात जेमतेम सापडला, तर तिथे तो गप्प बसलेला नसतो, मुळातच कमी असतो.

दुसरा अपवाद ऐकायला विलक्षण आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरच्या मायटिलस ट्रॉसुलस या दुसऱ्या जातीत रक्ताच्या कर्करोगासारखा एक कर्करोग एका प्राण्यातून दुसऱ्यात पसरतो, हे 2016 मध्ये सिद्ध झालं. तिथे कर्करोगाच्या पेशीच पाण्यातून संसर्ग करतात. अशा आजारी शिंपल्याच्या रक्तात जे जनुक सापडतं आणि पायात सापडत नाही, ते त्या शिंपल्याचं नसून फार पूर्वी मेलेल्या दुसऱ्याच कुणाचं असू शकतं.

हा फरक शेतीपर्यंत पोहोचतो. प्रतिकाराचं जनुक गप्प असेल तर ते जंतूंशी सामना झाल्यावर, तापमान किंवा ऋतू बदलल्यावर जागं होऊ शकतं. म्हणजे शिंपल्यांना कसं वाढवलं जातं यावर बरंच अवलंबून राहतं. जनुक नसेलच तर पाणी कितीही चांगलं मिळो, ते चालू होणार नाही. तिथे पैदाशीसाठी आई-बाप निवडतानाच पाहावं लागतं. म्हणून शिंपला कापायला घेताना आधी त्याला क्रमांक द्यावा, मग पाय, कल्ले, प्रावरण, पाचकग्रंथी, रक्त अशा आरएनएच्या नळ्या भराव्यात, आणि त्याच क्रमांकाची एक जास्तीची नळी प्रावरणाच्या चिमूटभर तुकड्यासाठी राखून ठेवावी, डीएनएकरता.